मिंढोळ्याच्या मुखाशी दिसलेला पक्षी ग्रेट नॉट म्हणून नोंदवावा का?

नंदुरबारकर (नंदुरबार)

राम राम मंडळी. आधी तपशील देतो, मग प्रश्न.

जागा सुरतेजवळची. डुमसच्या दक्षिणेला मिंढोळा नदी समुद्राला मिळते तिथली चिखलपट्टी. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, सकाळी ८.१० ते ८.३५. ऊन पाठीशी, पाणी चढत होतं, भरतीला अजून दीडेक तास बाकी. अंतर अंदाजे ८० ते ९० मीटर. सोबतचे पक्षी: लेसर सँड प्लव्हर ६० च्या आसपास, कर्ल्यू सँडपायपर २५ एक, ग्रे प्लव्हर ४, बार-टेल्ड गॉडविट २.

पक्षी एकटाच. सँड प्लव्हरपेक्षा बराच मोठा, ग्रे प्लव्हरपेक्षा किंचित लहान, अंगाने ठेंगणा आणि लांबट. पाठ राखाडी, छातीवर गडद ठिपके, पोट पांढरं. चोच काळी, टोकाशी जराशी खाली झुकलेली. पाय काळपट हिरवे वाटले. फोटो १४ आहेत, ५०० मिमीवर काढलेले. त्यातला एक उडतानाचा, हललेला.

विचारायचं एवढंच: हा ग्रेट नॉट (हिवाळ्यात किनाऱ्यावर येणारा चिखलपक्षी) धरावा का? ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, नाव टाकलं तर दुर्मिळ म्हणून लाल खूण येते, तिथे नेमकं काय लिहावं? पुढच्या सुट्टीला इथून चार जण निघणार आहोत, तर कोणती वेळ धरावी आणि बसावं कुठे?

शिरपूरकर

रफ पक्षी शे हाऊ, भो. अनेर धरणावर असे दहा दिसतात.

तापीकाठ (भुसावळ)

शिरपूरकर दादा, आपल्याकडच्या माणसाला आधी रफच आठवणार, त्यात चूक काही नाही. पण रफचं डोकं अंगाच्या मानाने लहान, मान लांब, पोट सुटलेलं, पाय उंच आणि बहुतेकदा नारिंगी किंवा पिवळसर. पाठीच्या पिसांना फिकट कडा असल्यामुळे पाठ खवल्यांसारखी दिसते. उडाला की शेपटीच्या बुडाशी मधली रेघ गडद आणि तिच्या दोन्ही बाजूंना पांढरे लंबगोल. वर लिहिलेला पक्षी ठेंगणा, राखाडी आणि छातीवर ठिपकेवाला आहे. शिवाय रफला गोडं पाणी आणि ओली शेतं आवडतात. समुद्राच्या उघड्या चिखलावर तो येतच नाही असं नाही, पण तिथे पहिला अंदाज रफचा बांधायचा नसतो.

आता नंदुरबारकर भाऊंच्या पक्ष्याकडे. पुस्तक उघडलं की ग्रेट नॉट आणि रेड नॉट शेजारी शेजारी छापलेले असतात, म्हणून सगळे या दोघांत निवड करायला बसतात. भारतात रेड नॉट हा ग्रेट नॉटपेक्षाही कमी दिसतो. ग्रेट नॉट निदान जामनगरकडे कच्छच्या आखातात हिवाळ्यात ठराविक जागी भेटतो. तेव्हा खरा घोळ रेड नॉटशी होत नाही, रोजच्या पक्ष्यांशी होतो. ते आधी काढून टाका. उरेल त्याला नाव द्या.

ग्रे प्लव्हर: चोच आखूड, जाड, डोळा मोठा आणि काळाभोर. खाताना चार पावलं पळतो, थांबतो, टिपतो, परत पळतो. उडाला की काखेत काळा डाग, दुरूनही दिसतो. तुमच्या पक्ष्याची चोच लांब आहे, म्हणजे हा बाद. तरी एक सावधगिरी ठेवा. डोकं पाठीत खुपसून झोपलेला ग्रे प्लव्हर आणि झोपलेला नॉट यांच्यातला फरक ८० मीटरवरून सांगू नये. तो उठेपर्यंत थांबावं.

कर्ल्यू सँडपायपर: याचा घोळ सगळ्यात मोठा, कारण उडताना त्याच्याही शेपटीच्या बुडाशी स्वच्छ पांढरा पट्टा दिसतो. पण हा २० सेंमीच्या आसपासचा. चोच बारीक, सगळीभर वाकलेली, पाय काळे आणि उंच. ग्रेट नॉट २६ ते २८ सेंमी, म्हणजे आपल्या होल्याएवढा. दोघे शेजारी उभे असतील तर शंका राहत नाही. एकटा पक्षी आणि शेजारी काहीच नाही, अशा फोटोवरून आकार कधीही सांगू नका. दुर्बिणीत प्रत्येक पक्षी हवा तेवढा मोठा दिसतो.

टेरेक सँडपायपर: चोच वर वळलेली, पाय पिवळे-नारिंगी, खेकड्यामागे वेड्यासारखा पळतो. बाद. बार-टेल्ड गॉडविट मान आखडून बसला की गोलमटोल दिसतो, पण चोच वर काढली की लांबलचक, किंचित वर वळलेली आणि बुडाशी गुलाबी. तोही बाद.

एवढे गेल्यावर नॉट उरतो. आता रेड नॉट वेगळा काढायचा.

चोच बघा. ग्रेट नॉटची चोच डोक्याच्या लांबीपेक्षा उघड लांब, बुडाशी जाड, टोकाकडे निमुळती आणि जराशी झुकलेली. रेड नॉटची चोच साधारण डोक्याएवढीच आणि सरळ. ग्रेट नॉटची भुवई पुसट, डोकं-मान रेषारेषांची. रेड नॉटची भुवई स्वच्छ पांढरी. छातीवरचे ठिपके ग्रेट नॉटला गडद आणि वेगवेगळे, बगलेकडे उतरत गेलेले. रेड नॉटला छाती धुरकट राखाडी आणि बगलेवर बारीक वाकड्या रेघा. बसलेल्या ग्रेट नॉटच्या पंखांची टोकं शेपटीच्या पुढे जातात, म्हणून मागचा भाग लांब ओढल्यासारखा दिसतो. तुम्ही ‘लांबट’ हा शब्द वापरलात, तो मला आवडला. आणि उडताना: ग्रेट नॉटला शेपटीच्या वर पांढरा भाग, लगेच खाली गडद शेपटी. रेड नॉटचा तोच भाग बारीक आडव्या रेघांमुळे राखाडी दिसतो, पांढरा नाही.

पायाच्या रंगावर फार भार देऊ नका. ओला चिखल लागला की सगळ्यांचे पाय काळपट हिरवे.

बाजूने काढलेला एक फोटो निवडा आणि पिक्सेल मोजा. चोच टोकापासून पिसं सुरू होतात तिथपर्यंत, डोकं तिथपासून मागच्या कडेपर्यंत. दोन्ही आकडे इथे टाका. आणि चोचीच्या टोकाला चिखल चिकटलेला नाही ना, ते आधी बघा, नाहीतर मोजणी फुकट जाते.

खारवारा (मूळ साक्री, मुक्काम नवसारी)

ओळखीचं तापीकाठ दादांनी बघितलं आहे. मी वेळ आणि जागेचं सांगतो, कारण आपल्याकडून येणारे बहुतेक जण तिथेच फसतात. सकाळची गाडी पकडून दुपारी किनाऱ्यावर पोचतात, समोर दोन किलोमीटर चिखल आणि त्याच्या पलीकडच्या कडेला मुंग्यांएवढे पक्षी.

तळ्यावर पक्षी बघताना वेळ सूर्य ठरवतो. इथे पाणी ठरवतं. ओहोटीला पक्षी चिखलभर विखुरलेले असतात. भरती चढत आली की ते तिच्यापुढे सरकत किनाऱ्याकडे येतात आणि पाणी पूर्ण चढलं की उरलेल्या चिंचोळ्या जागेत दाटीने उभे राहून झोपतात. म्हणून कामाची वेळ दोनच तुकड्यांत: भरतीच्या आधीचे दोन तास आणि भरती फिरल्यानंतरचा तास-दीड तास. पहिल्या तुकड्यात चोच, पाय, खाण्याची रीत दिसते. ऐन भरतीला सगळे एक पाय वर, चोच पिसांत.

भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात कोळी लोकांचा हिशोब आहे: तिथीची पाऊणपट. एकादशीला ११ चे पाऊणपट म्हणजे सव्वाआठ, त्रयोदशीला पावणेदहा. तोच आकडा सकाळी आणि अंदाजे तोच संध्याकाळी. हा हिशोब मुंबई-रायगडच्या पाण्याचा आहे. सुरतेला भरती त्याच्यापेक्षा उशिरा येते आणि खंभातच्या आखातात जसजसं वर जावं तसतसा उशीर वाढत जातो. म्हणून पाऊणपट फक्त सुट्टी कोणत्या आठवड्यात घ्यावी एवढ्यापुरती वापरा. नेमकी वेळ हजिरा किंवा सुंवाळीच्या भरतीच्या तक्त्यावरूनच घ्या. मुंबईचा तक्ता बघून इथे येऊ नका.

आता गोम अशी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप वर येतं, पक्षी अगदी जवळ ढकलले जातात. पण तेव्हा भरती दुपारी पडते. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, तेव्हा दुपारनंतर ऊन सरळ डोळ्यांत आणि सगळे पक्षी नुसत्या काळ्या सावल्या. उलट अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढणारी भरती असते, भरती सकाळी लवकर येते, प्रकाश सोन्यासारखा, पण पाणी अर्ध्यावरच थांबतं आणि पक्षी लांबच राहतात. दोन्ही हवं असेल तर मधल्या तिथी धराव्यात. कोकणात द्वादशी ते चतुर्दशी. सुरतेकडे त्याच्याही अलीकडच्या. तक्त्यात भरती सकाळी ९ ते १०.३० मध्ये आणि पाण्याची उंची बऱ्यापैकी, असा दिवस शोधा. महिन्यात असे चार-पाच दिवस निघतात. त्यातला रविवार मिळाला तर नशीब.

पाणी चढण्याचा वेग सारखा नसतो. सहा तासांची भरती धरली तर बाराव्या भागाचा हिशोब चालतो: पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धं पाणी चढतं. पाण्याचा चढउतार ६ मीटर असेल तर दोन तासांत ३ मीटर. सपाट चिखलावर ते पाणी समोरून येत नाही, आधी तुमच्या पाठीमागच्या नाळीतून, म्हणजे चिखलातल्या खोल चरातून भरतं. समोर कोरडं दिसतं आणि परतीची वाट बुडालेली असते. खंभातच्या आखातातला भरती-ओहोटीचा फरक देशात सगळ्यात मोठा आहे, हे विसरू नका.

म्हणून चिखलावर उतरायचंच नाही. वाळू संपते आणि चिखल सुरू होतो त्या रेषेच्या मागे, झुडूप किंवा बांध पाठीशी घेऊन बसा. चुकून पाय गेलाच आणि पोटरीपर्यंत रुतला तर सरळ वर ओढू नका. मागे रेला, अंगाचा भार पसरवा, पाय हलवत हलवत सोडवा. गमबूट घालू नका, ते चिखलात घट्ट धरले जातात आणि तिथेच राहतात. नाडीचे कापडी बूट बरे. अनवाणी तर नकोच, कालवांच्या कडा पत्र्यासारख्या कापतात.

बसायचं भरतीच्या अडीच तास आधी. नंतर जाल तर पक्षी आधीच आलेले असतात आणि तुम्ही गेलात की उडतात. आधी बसलात तर पाणीच त्यांना तुमच्याकडे आणतं. चौघे असाल तर चौघांनी एकत्र, खाली बसून. उभा माणूस त्यांना क्षितिजावर दिसतो. सगळ्या थव्याने एकदम माना वर केल्या आणि खाणं थांबवलं, की तुम्ही जास्त जवळ आलात असं समजा. तिथेच थांबा. ऐन भरतीला थवा उठवणं सगळ्यात वाईट, कारण त्यांना दुसरीकडे उतरायला जागा उरलेली नसते.

वाटेचं म्हणाल तर नंदुरबारहून ताप्ती लाईनने रात्रीची गाडी धरून उधन्याला उतरा. उधना-लिंबायतला अर्धं खानदेश राहतं, रात्र काढायला कोणी ना कोणी निघतंच. आणि एक गंमत: नवसारीला जी पूर्णा समुद्राला मिळते ती आपली चांगदेवला तापीत मिळणारी पूर्णा नव्हे. नकाशात नाव वाचून दोन नोंदी एकाच नदीच्या समजणारे भेटतात.

दुर्बीणवाली ताई (धुळे)

साधनांबद्दल थोडं.

स्कोप (तिपाईवरची एका डोळ्याची दुर्बीण) असेल तर २०-६० पटीचा असला तरी २५ ते ३५ च्या वर जाऊ नका. साडेनऊनंतर ओल्या चिखलावरून हवा थरथरायला लागते. ६० पटीवर पक्षी मोठा दिसतो, पण चोचीचं टोक नाचतं आणि सरळ चोच वाकडी वाटते. नसलेले नॉट याच वेळेला जन्माला येतात. तिपाईचे पाय पूर्ण लांबवू नका, बुटकी ठेवून बसून बघा, वारा कमी लागतो. नुसती ८x४२ दुर्बीण असेल तर ४० मीटरच्या पुढच्या नॉटवर पैज लावू नये.

कॅमेऱ्यासाठी: ओला चिखल राखाडी आणि पोट पांढरं, त्यामुळे आपोआप मोडवर पांढरं जळतं आणि छातीवरचे फिकट ठिपके नाहीसे होतात. एक्सपोजर अर्धा स्टॉप खाली घ्या. बसलेल्या पक्ष्याला १/१००० चालतं. उडण्यासाठी १/२००० च्या खाली जाऊ नका. पाणी पायाला लागलं की थवा उडणारच, तेव्हा लाटेकडे लक्ष ठेवून आधीच बटणावर बोट ठेवा आणि सलग फोटो घ्या. शेपटीच्या बुडाचा एक स्वच्छ फोटो बाजूच्या दहा फोटोंपेक्षा कामाचा.

पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेलं काही असेल तर तेही टिपा. रंगीत झेंडी किंवा कडं कोणत्या पायात, गुडघ्यासारख्या सांध्याच्या वर की खाली, रंग कोणता, दोन असतील तर वर कोणता आणि खाली कोणता, अक्षरं वाचता आली तर ती. डावा-उजवा पक्ष्याचा धरायचा, आपला नाही. झेंडीचा रंग उन्हाने फिका होतो, म्हणून ‘पिवळा की नारिंगी, नक्की नाही’ असं लिहायला लाजू नका. अर्धवट पण खरी नोंद कामाची असते, अंदाजाने भरलेली नाही. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी कडी घालते, तिला कळवता येतं. बाहेरच्या देशातली झेंडी असली तरी तिथून पुढे पोचते.

घरी आल्यावर लेन्सवरचं खारं पाणी कोरड्या कापडाने पुसू नका, वाळूच्या कणाने ओरखडे पडतात. आधी फुंकणीने वाळू उडवा, मग गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ कापडाने पुसा. तिपाईचे सांधेही धुवा, नाहीतर महिन्याभरात करकरतात.

नंदुरबारकर

ताई, दादा, आभार. मोजलं. सगळ्यात चांगल्या फोटोत चोच ६१ पिक्सेल, डोकं ४९. चोचीच्या टोकाला चिखल नाही. पण डोकं पूर्ण बाजूने नाही, थोडं कॅमेऱ्याकडे वळलेलं आहे. मग हे माप बाद का? उडतानाच्या फोटोत शेपटीच्या वर पांढरं दिसतं, पण तो फोटो हललेला आहे. पंखावरची पट्टी बारीक, पुसट. भुवईही पुसटच. छातीच्या बाजूंना ठिपके काळसर आणि सुटे.

तापीकाठ

बाद नाही. उलट तुमच्या बाजूने आहे.

६१ भागिले ४९ म्हणजे १.२४. कड धरताना दोन्ही मापांत ३ पिक्सेलची चूक आणि तीही उलट्या दिशांनी झाली असं धरलं तरी ५८ भागिले ५२, म्हणजे १.१२. सगळ्यात वाईट धरूनही चोच डोक्यापेक्षा लांबच राहते. डोकं कॅमेऱ्याकडे वळलं की चोच फोटोत आखूड दिसते, पण डोकं गोल असल्यामुळे त्याचं माप फारसं घटत नाही. म्हणजे खरं प्रमाण तुमच्या आकड्यापेक्षा थोडं जास्तच असणार. तिरप्या फोटोत चोच आखूड निघाली असती तर त्यावरून काहीच म्हणता आलं नसतं. लांब निघाली, ती टिकते.

हललेल्या फोटोत रंगाची जागा चालते, बारीक नक्षी चालत नाही. पांढरा भाग शेपटीच्या वर आहे आणि शेपटी त्याहून गडद आहे, एवढं त्यातून घेता येतं. तो भाग रेघांचा आहे का, हे त्या फोटोवरून सांगू नका. कर्ल्यू सँडपायपर शेजारीच होते आणि पक्षी त्यांच्यापेक्षा मोठा होता, त्यामुळे पांढऱ्या भागाचा घोळ तिथेच मिटतो.

माझ्या मते ग्रेट नॉट, संख्या १. नोंदवा.

लाल खुणेच्या रकान्यात ‘फोटो आहे’ किंवा ‘स्पष्ट दिसला’ एवढंच लिहिणारे फार. तपासणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. असं लिहा: ‘८० ते ९० मीटर, ऊन पाठीशी, २५ मिनिटं पाहिला. लेसर सँड प्लव्हर आणि कर्ल्यू सँडपायपरपेक्षा स्पष्ट मोठा, ग्रे प्लव्हरपेक्षा किंचित लहान. चोच काळी, डोक्याच्या सव्वापट, टोकाशी झुकलेली. भुवई पुसट. छातीच्या बाजूंना सुटे गडद ठिपके. उडताना शेपटीच्या वर पांढरा भाग, शेपटी गडद, पंखपट्टी पुसट. ग्रे प्लव्हर चोचीवरून, कर्ल्यू सँडपायपर आकारावरून, रेड नॉट चोचीचं प्रमाण, भुवई आणि ठिपके यांवरून वगळला.’ शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. काय नाही आणि का नाही, हे लिहिलं की तपासणाऱ्याचा अर्धा प्रश्न सुटतो. सगळ्यात चांगला फोटो आणि तो हललेला, दोन्ही चढवा. हललेल्याची लाज नको.

पुढच्या वेळी हे वर्णन पुस्तक उघडण्याआधी तिथेच वहीत उतरवा. चित्र बघितलं की डोळ्यांनी न पाहिलेलं आठवायला लागतं.

एक तक्रारही आहे. तुमच्या ‘२५ एक’ने मला जास्त टोचलं. कर्ल्यू सँडपायपर आणि ग्रे प्लव्हर हे दोन्ही २०२४ च्या लाल यादीत (धोक्यातल्या जातींची जागतिक यादी) ‘असुरक्षित’ वर्गात गेले आहेत. ग्रेट नॉट २०१५ पासून ‘संकटग्रस्त’ आहेच. तो एकटा सगळं लक्ष खातो आणि शेजारचे अंदाजाने लिहिले जातात. दाटीने बसलेला थवा मोजायला आधी दहा पक्षी मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत धरा, मग तेवढेच तुकडे थवाभर टाका. किंवा डावीकडून उजवीकडे एकावर एक चढणारे फोटो काढून घरी ठिपके देत मोजा. भरती फिरताना सगळे एका दिशेला चालायला लागतात, तेव्हाची मोजणी सगळ्यात खरी येते.

शिरपूरकर

बठ्ठं बरोबर शे, दादा. माझा रफ मागे घेतला. पण एका पक्ष्यापायी एवढा कुटाणा कशाला?

तापीकाठ

हा पक्षी ईशान्य सायबेरियाच्या डोंगरांवर अंडी घालतो आणि हिवाळ्याला खाली येतो. वाटेत थांबून खायला चिखल लागतो, कारण शिंपले तो अख्खे गिळतो आणि पोटात चिरडतो, आणि ते शिंपले चिखलातच मिळतात. या जातीच्या फार मोठ्या भागाचा थांबा पिवळ्या समुद्रात होता. दक्षिण कोरियात सेमांगमला ३३ किलोमीटरचा बांध घालून २००६ मध्ये भरतीचं पाणी अडवलं आणि त्यांचा तिथला मोठा थांबा गेला. म्हणून आपल्या बाजूला एकटादुकटा कुठे आणि कधी दिसतो, ते नीट लिहून ठेवायचं.

आणि हा सराव किनाऱ्यावरच करायला हवा असंही नाही. आपल्या हतनूर धरणावर करता येतो. फक्त वेळ ओळखायला हवी. सप्टेंबर-ऑक्टोबरात पक्षी खाली उतरतात तेव्हा जलाशयात पाणी भरपूर आणि चिखल कमी, म्हणून त्या दिवसांत मोठ्या धरणाऐवजी उथळ पाझर तलाव आणि पाणी साचलेली शेतं बघावीत. जानेवारीनंतर पाणी ओसरून चिखल उघडा पडत जातो. एप्रिलला परतीचे पक्षी येतात तेव्हा जागाही असते आणि अंगावर विणीचे रंगही चढलेले असतात. टिलवे, रफ, काळ्या शेपटीचे गॉडविट, तुतवार, चिखले यांच्यावर चोच आणि डोक्याचं प्रमाण मोजायची सवय लावा. शंभर रफ नीट बघितलेल्या माणसाला वेगळा पक्षी आपोआप खटकतो. दादा, तुमचे अनेरचे दहा रफ कामाला येतील ते असे. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तेव्हा संख्येचा सरावही होतो.

खारवारा

एक राहिलं. नोंदीत जागा ‘सुरत’ किंवा ‘डुमस बीच’ अशी टाकू नका. नकाशावर खूण जिथे पक्षी उभा होता तिथे टाका, तुम्ही जिथे गाडी लावली तिथे नाही. मिंढोळ्याच्या अलीकडचा चिखल आणि पलीकडचा चिखल यांचं पाणी वेगवेगळ्या वेळी चढतं. आणि भरतीची त्या दिवसाची वेळ आणि उंची टिपणीत लिहा. दुसरा कोणी तिथे जाईल तेव्हा त्याला तारीख फार कामाची नाही, पाणी कुठपर्यंत आलं होतं ते कामाचं.

नंदुरबारकर

खूण बदलली, वेळ आणि उंची टाकली. सँड प्लव्हर फोटोवरून परत मोजले तर ७३ निघाले, कर्ल्यू सँडपायपर ३१. पुढच्या खेपेला तक्त्यात भरती ९.४० ची दिसते, म्हणजे ७.१० ला बसलेलो असू.

खारवारा

७.१० ला बसायचं म्हणजे ६.४० ला तिथे पोचा. त्या दिवसांत उजाडताच पहिली गावकुत्री किनाऱ्यावर फिरतात आणि जो कोपरा ती सोडून देतात, पक्षी तिथेच उतरतात. ते आधी बघून मग जागा धरा.